वर्डमधून पीडीएफ केलेल्या मोठ्या अहवालाच्या अनुक्रमणिकेला चालणारे दुवे कसे द्यावेत?

आपला प्रश्न असा आहे : वर्डमध्ये तयार केलेला ३८० पानांचा अहवाल पीडीएफ केल्यावर अनुक्रमणिकेतल्या प्रकरणांच्या नावांवर क्लिक करून काहीच घडत नाही, डाव्या बाजूच्या पट्टीत बुकमार्कही दिसत नाहीत, शेवटची तीन परिशिष्टे तर जुन्या कागदांवरून स्कॅन करून जोडायची आहेत, तेव्हा हे सगळे दुवे एकेक करून हाताने जोडावे लागतील का? मोठे ग्रंथ, अहवाल आणि प्रबंध पीडीएफ स्वरूपात वाचकांच्या हाती देण्याचे काम मी बरीच वर्षे करत आहे आणि हा प्रश्न माझ्यापुढे अनेकदा आलेला आहे. मूळ वर्ड फाइल आपल्याकडे असेल, तर तिच्यातून होणाऱ्या भागासाठी हाताने एकही दुवा जोडू नये. स्कॅन केलेल्या परिशिष्टांसाठी थोडे हाताचे काम करावे लागेल, पण तेही आपण समजता त्यापेक्षा बरेच कमी आहे.

प्रथम एक फरक स्पष्ट करतो, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. पानावरचा दुवा आणि बाजूच्या पट्टीतला बुकमार्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पीडीएफमधला दुवा म्हणजे पानावर टाकलेला एक अदृश्य आयत असतो. त्या आयताच्या हद्दीत क्लिक केले की ठरलेल्या ठिकाणी जायचे, एवढीच माहिती त्याच्यासोबत नोंदलेली असते. त्या आयताखाली कोणती अक्षरे आहेत याच्याशी त्याला काही देणेघेणे नसते. बुकमार्क मात्र कोणत्याही पानावर नसतो. प्रकरण, उपप्रकरण, पोटविभाग अशी उतरंड असलेली ती एक स्वतंत्र यादी असते आणि वाचक कोणत्याही पानावर असला तरी ती त्याच्या हाताशी राहते. १९९३ साली हे स्वरूप आले तेव्हापासून या दोन्ही सोयी त्यात आहेत. तरीही असंख्य मोठे दस्तऐवज त्यांच्याविना फिरत असतात, याचे कारण बहुतेक वेळा पीडीएफ करण्याच्या वाटेत असते.

आपण बहुधा 'प्रिंट' या आज्ञेतून पीडीएफ केली असावी. छपाईच्या मार्गाने जाताना वर्ड प्रत्येक पान छापखान्याला द्यावे तसे देतो. अक्षरे आणि चित्रे पोहोचतात, पण हे शीर्षक आहे, हा दुवा आहे, ही अनुक्रमणिका त्या पानाकडे बोट दाखवते, ही सगळी माहिती वाटेतच गळून पडते. त्याऐवजी विंडोजवरच्या वर्डमध्ये 'फाइल', मग 'सेव्ह अ‍ॅज' आणि तिथे पीडीएफ हा प्रकार निवडावा. लगेच 'सेव्ह' न दाबता आधी 'ऑप्शन्स' उघडावे. तिथे 'क्रिएट बुकमार्क्स युझिंग' अशी एक चौकट असते, ती मुळात रिकामी असते. ती निवडून तिच्याखालचा 'हेडिंग्ज' हा पर्याय घ्यावा. त्याच ठिकाणी दस्तऐवजाच्या रचनेच्या खुणा म्हणजे टॅग ठेवण्याचीही चौकट आहे. ती काढू नये, कारण पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी साधने वापरणाऱ्या दृष्टिहीन वाचकांचा सगळा वावर त्या खुणांवर चालतो. मॅकवरच्या वर्डमध्ये पीडीएफ निवडल्यावर खाली दोन पर्याय येतात, एक छपाईसाठी आणि दुसरा इलेक्ट्रॉनिक वितरणासाठी. दुवे हवे असतील तर इलेक्ट्रॉनिक वितरणाचा घ्यावा. लिब्रे ऑफिसमध्ये 'एक्स्पोर्ट अ‍ॅज पीडीएफ'च्या पहिल्याच पानावर 'आउटलाइन्स' ही चौकट असते, तिचे काम तेच.

मात्र या सगळ्याला एक अट आहे. आपल्या फाइलमधली शीर्षके वर्डला शीर्षके म्हणून माहीत असली पाहिजेत. माझ्याकडे येणाऱ्या बहुसंख्य फाइलींमध्ये प्रकरणाचे नाव ठळक केलेले असते, अक्षराचा आकार वाढवलेला असतो, ते मध्यभागी आणलेले असते, आणि एवढे करूनही वर्डच्या लेखी तो एक साधा परिच्छेदच असतो. अनुक्रमणिकाही मग हाताने टंकलेली असते : नाव, पुढे टिंबांची ओळ आणि शेवटी पानाचा आकडा. अशा अनुक्रमणिकेत दुवा येणारच नाही. तेव्हा 'व्ह्यू'मधून 'नॅव्हिगेशन पेन' उघडून पाहावे. तिथे आपली प्रकरणे ओळीने दिसली तर रचना ठीक आहे, आणि पट्टी रिकामी असेल तर आधी ते काम करावे लागेल. प्रकरणाच्या नावाला 'हेडिंग १', त्याखालच्या विभागाला 'हेडिंग २' आणि पोटविभागाला 'हेडिंग ३' ही शैली द्यावी. शैलीचा मूळचा निळा रंग आणि टंक आवडत नसेल, तर शैलीच एकदा बदलून घ्यावी, म्हणजे सगळीकडे एकदम बदल होतो. त्यानंतर हाताने केलेली अनुक्रमणिका पुसून 'रेफरन्सेस'मधून नवी घालावी. ३८० पानांसाठी हे काम एका दिवसात, सराव असेल तर अर्ध्या दिवसात होते, आणि पुढे कितीही दुरुस्त्या झाल्या तरी सगळा मजकूर निवडून एफ ९ दाबले की पानांचे आकडे आपोआप सुधारतात. मजकुरात 'पृष्ठ २१४ वरील तक्ता पाहा' अशा सूचना असतील, तर त्याही टंकून न घालता 'क्रॉस रेफरन्स'ने घालाव्यात. म्हणजे आकडाही चुकत नाही आणि तो दुवाही होतो.

हे मी इतक्या आग्रहाने सांगतो त्यामागे एक अनुभव आहे. सुरुवातीच्या काळात सहाशेहून अधिक पानांच्या एका संदर्भग्रंथाची तयार पीडीएफ माझ्याकडे आली होती आणि मूळ फाइल मागण्याचे मला सुचले नाही. अनुक्रमणिकेच्या अकरा पानांवर मी तीनशेच्या वर आयत काढले, प्रत्येकाला त्याचे पान दिले, आणि चार दिवसांनी काम पूर्ण करून पाठवले. पुढच्या आठवड्यात संपादकांकडून मुद्रणदोष काढलेली नवी पीडीएफ आली. तिच्यात अर्थातच एकही दुवा नव्हता, कारण माझे दुवे जुन्या पीडीएफमध्ये होते आणि नवी पीडीएफ पुन्हा मूळ फाइलमधून निघालेली होती. अ‍ॅक्रोबॅटमध्ये (पीडीएफ संपादनाच्या अडोबीच्या प्रणालीत) 'रिप्लेस पेजेस'ने पाने बदलली तर खालचा मजकूर बदलतो आणि वरचे दुवे जागेवर राहतात, हे मला नंतर कळले. परंतु त्या वेळी दोन प्रकरणांमध्ये मजकूर पुढे सरकलेला असल्याने आयत एका ओळीवर आणि नाव दुसऱ्या ओळीवर, असेच झाले असते. तेव्हापासून मूळ फाइल मिळाल्याशिवाय मी मोठ्या कामाला हात घालत नाही.

आता आपल्या परिशिष्टांकडे वळतो. स्कॅन केलेली पाने म्हणजे चित्रे. त्यांच्यात वर्डला ओळखता येईल असे शीर्षक नसते. पण त्यांच्यासाठी एक सोपी वाट आहे. वर्ड फाइलमध्येच प्रत्येक परिशिष्टासाठी एक विभाजक पान घालावे. त्यावर 'परिशिष्ट १' आणि त्याचे नाव 'हेडिंग १' शैलीत लिहावे, खाली मूळ कागद कोणता, किती पानांचा, कोणत्या साली तयार झालेला, हे दोन-चार ओळींत द्यावे. ही तीन पाने इतर प्रकरणांसारखीच अनुक्रमणिकेत येतील, त्यांना दुवेही मिळतील आणि बुकमार्कही. मग पीडीएफ तयार झाल्यावर प्रत्येक विभाजक पानाच्या मागे त्या त्या परिशिष्टाची स्कॅन केलेली पाने घालावीत. मध्ये शंभर पाने घुसली तर आधीचे दुवे चुकतील, अशी भीती येथे अनेकांना वाटते. ती अनाठायी आहे. अशा दुव्याच्या आत 'पान क्रमांक ३५२' असे लिहिलेले नसते, तर फाइलमधल्या त्या पानाच्या वस्तूकडेच निर्देश असतो. पान मागे सरकले तर दुवा त्याच्यासोबत सरकतो. फक्त छापील आकड्यांची काळजी घ्यावी लागते. पहिल्या परिशिष्टात ४० पाने घुसल्यावर दुसऱ्या विभाजक पानावर 'पृष्ठ ३५३' छापलेले राहणे बरे दिसत नाही. यासाठी प्रत्येक विभाजक पानापूर्वी वर्डमध्ये सेक्शन ब्रेक म्हणजे नव्या विभागाची खूण द्यावी आणि पृष्ठक्रमांकाच्या मांडणीत 'स्टार्ट अ‍ॅट' येथे त्या पानाचा खरा आकडा द्यावा. परिशिष्टे कितीकिती पानांची आहेत हे आधी मोजून ठेवले, तर हे पाच मिनिटांचे काम आहे.

पाने घालताना मुख्य पीडीएफ उघडून तिच्यात स्कॅनची पाने घालावीत. दोन्ही फाइली एखाद्या जोडणाऱ्या साधनात टाकून तिसरी नवी फाइल बनवू नये. अशा काही साधनांत पाने जुळतात, पण बुकमार्क नाहीसे होतात. ही चूक पटकन लक्षात येत नाही, कारण पाने चाळताना सगळे ठीक दिसते.

परिशिष्ट ४०-५० पानांचे असेल आणि त्यात स्वतंत्र विभाग असतील, तर त्या विभागांचे बुकमार्क मात्र हाताने करावे लागतात. त्यासाठी अ‍ॅक्रोबॅटची सशुल्क आवृत्ती लागते. फुकट मिळणाऱ्या रीडरमध्ये बुकमार्क दिसतात, पण नवे करता येत नाहीत. पैसे खर्च करायचे नसतील तर पीडीएफटीके हे मोफत साधन पुरेसे आहे. ते फाइलमधल्या बुकमार्कांची यादी साध्या मजकूर फाइलमध्ये काढून देते. प्रत्येक नोंदीला शीर्षक, स्तर आणि पान अशा ओळी असतात. त्या यादीत आपल्या नोंदी भरून ती परत फाइलला द्यायची. यादी काढताना आणि परत देताना दोन्ही वेळा यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरे साठवण्याची एक पद्धत) असलेली आज्ञाच वापरावी, नाहीतर मराठी शीर्षकांच्या जागी आकड्यांची रांग उमटते. पायथन या संगणकभाषेची सवय असलेल्यांना तिच्यातले पायएमयूपीडीएफ हे साधन सोयीचे पडेल. तिथे स्तर, शीर्षक आणि पान अशी यादी द्यावी लागते, पहिली नोंद पहिल्या स्तराचीच असावी लागते आणि पहिल्या स्तरानंतर एकदम तिसरा आलेला चालत नाही. नवी यादी दिली की जुनी पूर्ण पुसली जाते, हेही ध्यानात ठेवावे. म्हणून आधीची यादी काढून तिच्यातच भर घालावी. पायथनमधलेच दुसरे साधन पायपीडीएफ वापरत असाल तर तिथे पानांची मोजणी शून्यापासून होते आणि पायएमयूपीडीएफच्या यादीत एकपासून. या एका फरकामुळे सगळे बुकमार्क एकेक पान पुढे-मागे झालेले मी पाहिले आहेत.

पान मोजताना मुद्रित आकडा आणि फाइलमधले स्थान यांची गल्लत होऊ देऊ नये. मुखपृष्ठ, श्रेयनामावली, प्रस्तावना आणि अनुक्रमणिका मिळून १४ पाने असतील, तर ज्या पानावर ८७ छापले आहे ते फाइलमधले १०१ वे पान असते. सगळीकडे १४ मिळवले की काम झाले, असे मात्र समजू नये. स्कॅनमध्ये एखादे पान दोनदा आलेले असते, एखादे सुटलेले असते, छायाचित्रांच्या पानांवर मुळातच क्रमांक नसतात, आणि तिथून पुढचा फरक १४ चा १५ किंवा १८ होतो. म्हणून प्रत्येक विभागाच्या सुरुवातीला फरक नव्याने तपासावा. वाचकाचाही हाच गोंधळ होतो. त्यासाठी पीडीएफमध्ये पानांना नावे देण्याची सोय आहे : पहिल्या १४ पानांना लहान रोमन आकडे आणि पुढे एकपासून मोजणी, असे ठरवता येते, म्हणजे वाचकाने वरच्या चौकटीत ८७ लिहिले की तो छापील ८७ वरच पोहोचतो. या सोयीत देवनागरी अंकांचा प्रकार नाही. प्रत्येक पानाला उपसर्ग म्हणून देवनागरी आकडा देऊन ती उणीव भरून काढता येते. परंतु वाचक त्या चौकटीत बहुधा इंग्रजी आकडेच टंकतो, हे लक्षात घेता तो खटाटोप करू नये असे माझे मत आहे.

मराठी मजकुरासाठी आणखी दोन गोष्टी जपाव्या लागतात आणि इंग्रजी मार्गदर्शिकांमध्ये त्या सापडत नाहीत. पहिली, जुन्या बिगर-युनिकोड टंकांची. पानावर मराठी दिसणारा मजकूर अशा टंकात प्रत्यक्षात रोमन अक्षरे आणि चिन्हांच्या रूपात साठवलेला असतो. त्याला मराठीचे रूप फक्त तो टंक देतो. बुकमार्कची पट्टी दस्तऐवजाचा टंक वापरत नाही, ती वाचणाऱ्या प्रणालीचा टंक वापरते. त्यामुळे पानावर सुबक दिसणारे 'प्रकरण पहिले' पट्टीत निरर्थक अक्षरांचा ढीग होऊन येते. येथे पीडीएफमध्ये काहीही करून उपयोग नाही. किमान शीर्षके तरी मूळ फाइलमध्ये युनिकोडमध्ये आणावी लागतात, आणि आणायचीच तर सगळा मजकूर आणलेला केव्हाही चांगला, कारण त्याशिवाय शोधही चालत नाही.

दुसरी गोष्ट पहिल्या वेलांटीची. युनिकोडमध्ये 'विषय' या शब्दात आधी व आणि मग वेलांटी साठवलेली असते, पण पानावर वेलांटी आधी रेखाटली जाते. पीडीएफमधून मजकूर निवडून बुकमार्क केला तर अनेकदा रेखाटण्याचा क्रमच उचलला जातो आणि पट्टीत वेलांटी सुटी पडून तिच्यानंतर 'वषय' येते. रफार आणि जोडाक्षरेही अशीच विस्कटतात. म्हणून हाताने करायच्या बुकमार्कांची शीर्षके पीडीएफमधून न उचलता वर्ड फाइलमधून उचलावीत. स्कॅन केलेल्या पानांवर टेसेरॅक्टसारख्या साधनाने अक्षरओळख करून घेतली असेल, तरी शीर्षके स्वतः टंकावीत. ती मोजकीच असतात आणि त्यांच्यातली चूक सर्वांच्या डोळ्यांत भरते. मराठीसाठी टेसेरॅक्टची भाषासामग्री उपलब्ध आहे आणि परिशिष्टांमध्ये शोध घेता यावा म्हणून अक्षरओळख जरूर करावी. केवळ बुकमार्कांसाठी तिची गरज नाही.

फोनवर वाचणाऱ्यांचा विचार मी आवर्जून करतो. फोनवरच्या कितीतरी वाचन-अ‍ॅपमध्ये बुकमार्कची पट्टी तीन-चार वेळा बोट टेकवल्याशिवाय सापडत नाही, काहींत ती नसतेच. तेव्हा अशा वाचकासाठी अनुक्रमणिकेच्या पानावरचे दुवे हाच एक आधार उरतो. त्याने एखाद्या दुव्यावर बोट ठेवून १९० व्या पानावर उडी घेतली की परत यायचे कसे, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. संगणकावर अ‍ॅक्रोबॅटमध्ये ऑल्ट आणि डावा बाण दाबला की आधीच्या जागी परतता येते, फोनवर तशी खात्री नाही. म्हणून वर्डमध्ये अनुक्रमणिकेच्या मथळ्यावर एक बुकमार्क (वर्डमध्ये याचा अर्थ मजकुरातल्या जागेची खूण, पीडीएफच्या पट्टीतली नोंद नव्हे) ठेवावा आणि प्रत्येक पानाच्या तळाशी, पृष्ठक्रमांकाशेजारी 'अनुक्रमणिका' हा शब्द त्या बुकमार्काशी जोडून द्यावा. तळपट्टीतले दुवे पीडीएफ करताना काही वेळा उतरत नाहीत. तसे झाले तर तोच दुवा प्रत्येक प्रकरणाच्या शेवटच्या ओळीखाली मजकुरातच द्यावा, तो हमखास उतरतो. पाने उलटून उलटून अंगठा दुखवणाऱ्या वाचकाला या एका शब्दाचे किती मोल असते, हे मी वाचकांच्या पत्रांतून अनुभवले आहे.

बुकमार्क तीन स्तरांपेक्षा खोल नसावेत आणि फाइल उघडताना फक्त पहिला स्तर उलगडलेला असावा. शीर्षक लांब असेल तर पट्टीत ते अर्धे कापले जाते, म्हणून ओळखू येईल तो शब्द आधी यावा. अ‍ॅक्रोबॅटमध्ये 'प्रॉपर्टीज'मधील 'इनिशियल व्ह्यू'त 'बुकमार्क्स पॅनल अँड पेज' निवडले, तर फाइल उघडतानाच पट्टी उघडी मिळते. ज्यांना अशी पट्टी असते हेच ठाऊक नाही, त्यांच्यासाठी हे करावेच. हाताने केलेल्या बुकमार्कांत मोठेपणाचा पर्याय 'इन्हेरिट झूम' असा ठेवावा, म्हणजे वाचकाने स्वतःच्या डोळ्यांना सोसेल इतके वाढवलेले अक्षर प्रत्येक उडीनंतर पुन्हा लहान होत नाही.

शेवटी तपासणी. सगळे दुवे तपासण्याची गरज नाही, कारण यंत्राने केलेले दुवे चुकले तर बहुधा एका विशिष्ट जागेपासून पुढे सरसकट चुकतात. पहिला, शेवटचा, दोन ओळींत मोडलेल्या नावाचा, प्रत्येक परिशिष्टाचा आणि परिशिष्टाच्या आतला एखादा, एवढे दुवे संगणकावर, ब्राउझरमध्ये आणि फोनवर उघडून पाहावेत. फाइल फार मोठी झाली म्हणून ती लहान करणाऱ्या एखाद्या संकेतस्थळातून काढायची असेल, तर तपासणी त्यानंतर करावी. त्या टप्प्यावर दुवे गळाल्याची उदाहरणे माझ्याकडे आहेत. स्कॅनची पाने मुळातच १५० ते ३०० बिंदू प्रति इंच इतकी ठेवली तर बहुधा त्या वाटेला जावेच लागत नाही.

आपल्या तीन परिशिष्टांची पाने किती आहेत, त्यांच्यावर त्यांचे स्वतःचे जुने क्रमांक छापलेले आहेत का, आणि वर्ड फाइल युनिकोडमध्ये आहे की नाही, हे कळवलेत, तर पृष्ठक्रमांकांची मांडणी नेमकी कशी ठेवावी ते मी त्यानुसार लिहीन.